कान आपला आपण साफ होतो तो कसा? (आणि मग कान कोरायचा की नाही)

पामबीचवरून

नमस्कार मंडळी. मी ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकू येण्याच्या तपासण्या करणारी आहे, वाशीत बसते, दिवसभर लोकांच्या कानात बघणं हेच काम. पावसाळा लागला की आमच्याकडे ठरलेली गर्दी होते, कानाला दडे बसलेत, कान खाजतोय, कान ठणकतोय, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी येण्याआधी घरी कापसाचा बड, केसातली पिन, गाडीची किल्ली, काडेपेटीची काडी यातलं काहीतरी घालून बघितलेलं असतं. प्रत्येकाला मी सांगते की अहो कान आपला आपण साफ होतो, तुम्ही आत काही घालू नका. समोरचा मान हलवतो पण त्याला ते पटलेलं नसतं हे चेहऱ्यावर दिसतं. पटणार कसं, "आपोआप" म्हणजे नक्की काय होतं हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं. म्हणून इथे नीट लिहिते.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटीमीटर असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कुर्चेचा, म्हणजे कान ओढला की जो हलतो तो. आतला दोन तृतीयांश हाडाचा. केस, तेलाच्या ग्रंथी आणि मळाच्या ग्रंथी हे सगळं फक्त बाहेरच्या भागात. आतल्या हाडाच्या भागात यातलं काहीच नाही, तिथे फक्त अगदी पातळ कातडी हाडाला घट्ट चिकटून बसलेली, म्हणून तर बड जरा आत गेला की एकदम कळ येते. याचा अर्थ असा की मळ आत खोलवर तयारच होत नाही. पडद्याला टेकलेला मळ दिसला की बहुतेक वेळा तो कोणीतरी तिथे ढकललेला असतो.

आता बघा, ही नळी एका बाजूने बंद आहे. अंगावरची कातडी रोज झिजते, मेलेल्या पेशी आंघोळीत जातात, कपड्याला घासून जातात, आपल्याला कळतही नाही. कानाच्या आत कोण घासणार? तिथली कातडी जागच्या जागी गळत राहिली असती तर काही वर्षांत अख्खी नळी त्या कोंड्याने भरली असती आणि आपण सगळे बहिरे झालो असतो. तसं होत नाही कारण तिथली कातडी चालते. खरोखर चालते, आतून बाहेर.

पडद्याच्या मधोमध एक खोलगट बिंदू असतो, हातोडीसारख्या दिसणाऱ्या एका बारीक हाडाचं टोक आतून तिथे चिकटलेलं असतं. त्या हाडाच्या दांड्याच्या आसपास नव्या पेशी तयार होतात आणि पडद्याचा बाहेरचा थर तिथून चहूबाजूंनी कडेकडे सरकत जातो. कडेला पोचला की थांबत नाही, नळीच्या भिंतीवर येतो आणि भिंतीवरून बाहेरच्या दिशेने पुढे. वेग दिवसाला मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी, साधारण नखं वाढतात तेवढा. म्हणजे आत्ता पडद्याच्या मध्यावर असलेली पेशी दारापर्यंत यायला काही महिने घेते. ठाणे स्टेशनच्या सरकत्या जिन्यासारखं समजा, पायरीवर जे पडेल ते घेऊन ती पुढे जाते, धूळ असो, मेलेली कातडी असो, बारीक केस असो. हाडाचा भाग संपून कुर्चेचा भाग लागला की वरचे मेलेले पापुद्रे सुटे होतात, तिथल्या ग्रंथींचं तेलकट द्रव्य त्यांच्यात मिसळतं आणि जे काही तयार होतं तोच आपला मळ. तो घाण नाही. त्यात निम्म्याहून जास्त आपलीच झडलेली कातडी असते, बाकी स्निग्ध पदार्थ. त्याने कान आंबट राहतो म्हणजे आम्लधर्मी, जिवाणू आणि बुरशीला ते मानवत नाही, पाणी आतल्या कातडीत मुरत नाही, उडता किडा चिकटून बसतो.

पुढचं काम जबडा करतो. कानात करंगळीचं टोक अलगद ठेवून तोंड उघडा मिटा, पुढची भिंत हलताना कळेल. जेवताना बोलताना ही हालचाल चालू असते, त्याने कोरडा झालेला मळ सुटतो आणि बाहेर येऊन पडतो, उशीवर, टॉवेलवर, बहुतेक वेळा दिसतही नाही.

एवढी सगळी व्यवस्था बाहेरच्या दिशेने चाललेली आणि आपण बड घेऊन उलट्या दिशेने आत जातो. म्हणून नको म्हणते.

नौपाड्याचा_निनाद

फार छान लिहिलंय ताई, कातडी चालते हे पहिल्यांदाच ऐकलं. पण एक शंका. मी रोज आंघोळीनंतर बड फिरवतो आणि रोज त्याला पिवळं काहीतरी लागतंच. म्हणजे घाण निघतेय ना? नाही काढली तर ती जाणार कुठे?

पामबीचवरून

@निनाद, बडला जे लागतं ते दाराजवळचं असतं, तुम्ही हात लावला नसता तरी ते एकदोन दिवसांत पडलंच असतं. लक्ष द्यायचं ते न दिसणाऱ्या गोष्टीकडे. बडचं टोक नळीच्या मानाने जाड असतं, त्यामुळे थोडं पुसलं जातं आणि उरलेलं टोकाच्या पुढे दाबलं जातं. ते हाडाच्या भागात गेलं की तिथे ना केस आहेत ना जबड्याची हालचाल पोचते, आणि कातडी एवढा घट्ट गोळा ओढून आणू शकत नाही. रोज थोडं थोडं दाबलं की त्याचा खडा होतो. मग एक दिवस डोक्यावरून आंघोळ केली की खडा पाणी पिऊन फुगतो आणि अचानक ऐकू येणं बंद. लोक म्हणतात कानात पाणी गेलं. पाणी निमित्त असतं, खडा आधीपासूनचा.

अजून एक. रोज घासल्याने मळाचा पातळ थर जातो, कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खाज सुटली की परत बड. हे चक्र मोडायचं तर खाज काही दिवस सोसावी लागते, आणि नाहीच थांबली तर दाखवून घ्यायचं, कारण एक्झिमा, सोरायसिस असे कातडीचे आजार किंवा बुरशीही असू शकते.

आणि हो, प्लॅस्टिकच्या काडीचे बड १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. आता कागदाची किंवा बांबूची काडी मिळते, ते पर्यावरणासाठी चांगलंच झालं, पण कानाला त्याने काही फरक पडत नाही.

मासुंदा_तलाव

हे चालणं मोजलं कोणी आणि कसं? उत्सुकता म्हणून विचारतेय, विश्वास नाही म्हणून नव्हे.

कळव्याचा_डॉक

मी सांगतो, ईएनटीत म्हणजे कान नाक घशाच्या विषयात पीजी करतोय. पद्धत इतकी साधी आहे की ऐकून बरं वाटतं. पडद्यावर शाईचा बारीक ठिपका ठेवायचा आणि काही दिवसांनी परत बघायचं तो कुठे गेला. पीटर अल्बर्टी यांचा १९६४ सालचा पेपर यातला गाजलेला, माणसांच्या पडद्यावर ठिपके ठेवून केलेलं काम. ठिपका जागचा हलतो, कडेला जातो, नळीत उतरतो, बाहेर येतो. आधी बऱ्याच जणांना वाटायचं की मळ जबड्याच्या हालचालीनेच बाहेर येत असेल, पण पडदा आणि हाडाचा भाग तर जबड्याने हलत नाही, तरी ठिपका चालतो, म्हणजे चालणारी कातडीच.

आणि २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने उंदरांच्या पडद्यावर दाखवलं की यामागे ठराविक जागी बसलेल्या स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी आहेत, त्यातून पेशी तयार होऊन पुढे जात राहतात. एवढा पातळ पडदा, ८ ते १० मिलिमीटर व्यासाचा, जाडीला मिलिमीटरचा दहावा भाग, आणि त्यावर जन्मभर हे चालू.

आम्ही हे रोज वापरतो सुद्धा. लहान मुलांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलं की पडद्यात ग्रॉमेट म्हणून एक बारीकशी नळी बसवतात. ती साधारण ६ ते १२ महिन्यांत आपोआप बाहेर पडते, बहुतेकांना काढायला परत ऑपरेशन लागत नाही. तिला बाहेर कोण ढकलतं? हीच सरकणारी कातडी. तसंच चापट बसून किंवा बड लागून पडद्याला बारीक भोक पडलं तर ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतं, त्यातही कडेच्या या पेशींचा मोठा वाटा. फक्त त्या काळात कानात पाणी जाऊ द्यायचं नाही.

घंटाळीकर

वय वर्षे ७४. आमच्या लहानपणी आई दर रविवारी न्हाऊ घालायच्या आधी कानात कोमट खोबरेल घालायची, कान दुखला तर त्यात लसणीची पाकळी कडकवून. आमच्या पिढीत कोणाचे कान बिघडले नाहीत. आजही मी झोपताना एखादा थेंब घालतो, बरं वाटतं. तलावपाळीला कानमैल्ये बसायचे, लाल पागोटं, कानावर कापूस खोचलेला, त्यांच्याकडून आमचे वडील कान साफ करून घ्यायचे. सगळंच चुकीचं होतं असं एकदम म्हणू नये असं मला वाटतं.

पामबीचवरून

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं मी बाजूला टाकत नाहीये. पडदा शाबूत असेल, कान कोरडा असेल, बुरशीचा त्रास नसेल तर एखाद्या थेंबाने बहुतेकांना काही होत नाही, कोरड्या कातडीला बरंही वाटतं, आणि घट्ट मळ मऊ करायला तेलाचे थेंब डॉक्टरही सुचवतात. माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. एक, तेलाने कान साफ होत नाही, साफ करायचं काम कातडी करतेच आहे. दुसरं, पडदा शाबूत आहे हे घरी बसून कळत नाही. लहानपणी कान वाहिलेला असतो, भोक राहिलेलं असतं, वर्षानुवर्षं दुखत नाही म्हणून माणूस विसरून जातो. अशा कानात तेल गेलं की थेट मधल्या कानात उतरतं.

आणि आपली हवा. ठाणे काय नवी मुंबई काय, जून ते सप्टेंबर खाडीकाठची ही दमट हवा, त्यात तेलाने ओला कान म्हणजे बुरशीला घरच मिळालं. या दिवसांत कानात काळे ठिपके असलेला ओला पांढुरका थर दिसला की ती बहुतेक ॲस्परजिलस नावाची बुरशी असते. भयंकर खाज, कान भरल्यासारखा, आणि औषधाचे थेंब घालून वरचेवर साफ करत राहिल्याशिवाय जात नाही. लसूण कडकवलेल्या तेलाने तर भाजलेली कातडी मी पाहिलेली आहे काका. कान दुखतोय म्हणजे आत काहीतरी चाललंय, त्या दिवशी तेल नको, दाखवायला या.

कानमैल्यांच्या हातात कसब होतं यात शंका नाही. पण एकच सळई दिवसभर या कानातून त्या कानात, आणि आत उजेड नसताना. आमच्याकडे मायक्रोस्कोप असतो, आणि तरीसुद्धा आम्ही जपून हात घालतो.

ऐरोली_आई

माझं बाळ ४ महिन्यांचं आहे. मालीशवाल्या बाई रोज कानात नाकात तेल घालतात, सासूबाई म्हणतात घालायलाच हवं नाहीतर कान कोरडे पडतात. घरात रोज यावरून ताणाताणी होते. काय सांगू त्यांना?

पामबीचवरून

@ऐरोली_आई, सासूबाईंना एवढंच सांगा की बाळाच्या कानातली कातडी जन्मापासूनच ही साफसफाई करते. बाळाची नळी तर अजून लहान, पडदा दाराच्या खूप जवळ, त्यामुळे बड अजिबात नको, करंगळीची टोकदार नखंही नकोत. तेल कानाच्या मागे, पाळीला, सुरकुत्यांमध्ये हवं तेवढं लावू द्या, नंतर मऊ ओल्या फडक्याने पुसा. कानाच्या आत आणि नाकात नको, नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतं, ते जास्त धोक्याचं. बाईंना मालीश करताना मान जराशी वर धरायला सांगा म्हणजे ओघळून आत जाणार नाही. असं सांगितलं की कोणाचा मान दुखावत नाही, मालीशही राहते. बाळाच्या डॉक्टरांच्या तोंडून एकदा सासूबाईंसमोर वदवून घेतलंत तर अजून सोपं.

रबाळे_शिफ्ट

मी रबाळे एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे. ८ तासाच्या शिफ्टमध्ये कानात फोमचे प्लग, नंतर घरी जाताना ट्रान्स हार्बरच्या गाडीत गाण्यांचे इअरबड्स घालून गाणी, म्हणजे दिवसातले दहा अकरा तास कान बंदच असतो. माझ्याबरोबरच्या दोघातिघांना कायम मळ साठतो म्हणून ते प्लग घालायचे टाळतात. ताई तुम्ही लिहिलंत ते वाचून वाटलं की बाहेर यायचा रस्ताच आम्ही बंद करतोय. मग प्लग घालू नये का?

पामबीचवरून

नाही नाही, प्लग घालायचेच! हे मोठ्या अक्षरात वाचा. आवाजाने आतला कान गेला की तो परत येत नाही, मळ काढायला दहा मिनिटं लागतात. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि प्रेस शॉपमध्ये आवाज त्याच्या सहज वर जातो.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, जे काही कानात तासनतास बसतं ते मळाची वाट अडवतं, थोडा आत ढकलतं, घामाने कान ओला ठेवतं. म्हणून फोमचा प्लग वळायच्या आधी हात धुवा, ग्रीस लागलेल्या बोटांनी वळलेला प्लग कानात नको, मळका झाला की टाकून द्या. ज्यांना सारखा मळ साठतो त्यांनी सेफ्टीवाल्यांकडे कानावरून बसणारे मफ मागा, ते नळीत जात नाहीत. आणि गाडीतली गाणी शिफ्टनंतर बंद ठेवा किंवा आवाज कमी ठेवा, तेवढा वेळ तरी कानाला हवा लागू दे. वर्षातून एकदा कान तपासायला आणि ऑडिओमेट्रीला म्हणजे ऐकण्याच्या तपासणीला या.

उपवन_संध्याकाळ

माझ्या नवऱ्याच्या कानातून कोरडा, भुगा भुगा असा राखाडी मळ निघतो आणि माझा चिकट तपकिरी. त्याचं काही बिघडलंय की माझं?

कळव्याचा_डॉक

दोघांचंही नाही. मळाचे ओला आणि सुका असे दोन प्रकार असतात आणि ते जन्मतः ठरतं. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की एबीसीसी ११ नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने हे होतं. जपान, कोरिया, चीनमध्ये बहुतेकांचा सुका, आफ्रिकेत आणि युरोपात बहुतेकांचा ओला, आपल्याकडे दोन्ही सापडतात. आईवडील दोघांकडून सुक्याची प्रत आली तरच सुका. गंमत म्हणजे काखेतल्या घामाचा वासही याच जनुकाशी जोडलेला आहे. कातडी दोघांच्या कानात सारखीच चालते.

मासुंदा_तलाव

मळावरून आठवलं म्हणून लिहिते, विषय थोडा बाजूला जाईल. ज्या देवमाशांना दात नसतात, निळा देवमासा वगैरे, त्यांच्या कानाची नळी बाहेरून बंद असते. म्हणजे मळाला बाहेर पडायला वाटच नाही, तो जन्मभर आत थरावर थर साठत जातो. २०१३ मध्ये एका निळ्या देवमाशाच्या कानातला असा जवळजवळ २४ सेंटीमीटरचा मळाचा दांडा शास्त्रज्ञांनी तपासला, आणि त्याच्या थरांतून त्या माशाच्या आयुष्यातले ताणाचे हार्मोन किती होते, समुद्रातलं प्रदूषण अंगात कधी आलं हे सगळं वाचता आलं. वर ताईंनी लिहिलंय ना की बाहेर जायची सोय नसती तर नळी भरली असती, ते निसर्गात खरंच असं आहे हे वाचून अंगावर काटा आला.

पामबीचवरून

@मासुंदा, किती सुंदर माहिती! आमच्या क्लिनिकच्या पोरींना आज जेवताना वाचून दाखवते.

बेलापूर_खाडी

ताई एक अडचण. वडील ८१, श्रवणयंत्र वापरतात, साखर आहे. त्यांच्या कानात दर काही महिन्यांनी मळ घट्ट होऊन यंत्राची शिट्टी वाजायला लागते. आपोआप साफ होतं म्हणता तर त्यांचं का होत नाही? आणि सोसायटीतल्या एकांनी ऑनलाइन कॅमेरावाली कानकोरणी मागवलीय, मोबाईलवर आतलं दिसतं, ती वापरू का?

पामबीचवरून

वयाबरोबर हे यंत्र मंदावतं, आपल्या कोणाचंच चुकणार नाही. ग्रंथी कमी होतात, मळ कोरडा आणि टणक होतो, पुरुषांच्या कानातले केस राठ होतात, आणि वरून श्रवणयंत्राचा मोल्ड म्हणजे कानात बसणारा भाग वाट अडवतो. म्हणून साठीसत्तरीनंतर, श्रवणयंत्र असलेल्यांना, ज्यांची नळी जन्मतः अरुंद आहे त्यांना, आणि ज्या मुलामाणसांना आपला त्रास सांगता येत नाही त्यांना ठराविक काळाने कान दाखवायलाच हवेत. आपोआप साफ होतो हे बहुसंख्य निरोगी कानांबद्दल आहे, सगळ्यांना कायमचं लागू नाही. वडिलांना दर ४ ते ६ महिन्यांनी आणा. घरातल्या आजीआजोबांना "ऐकत नाहीत, विसरायला लागलेत" म्हणून आपण वैतागतो आणि कानात दोन्हीकडे मळाचे खडे निघतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की जीव तुटतो.

साखर असलेल्यांच्या बाबतीत जास्त जपा. कानातल्या कातडीला साधा ओरखडा गेला तरी जंतुसंसर्ग होऊन तो हाडापर्यंत उतरू शकतो, रात्री झोपू देत नाही असं दुखतं आणि ते प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून साखरवाल्यांच्या कानात शक्यतो पाणी मारून घेऊ नका, मायक्रोस्कोपखाली सक्शनने काढून घ्या. कान दुखायला लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

कॅमेरावाली कानकोरणी नको. चित्र दिसतं पण खोली कळत नाही, पडदा किती जवळ आहे याचा अंदाज येत नाही, आणि कोणी धक्का दिला, खोकला आला तर टोक थेट पडद्यात.

नौपाड्याचा_निनाद

खोकल्यावरून विचारतो, मला कानात बड घातला की हमखास खोकला येतो. घशाचा आणि कानाचा काय संबंध?

कळव्याचा_डॉक

व्हेगस नावाची लांबलचक नस मेंदूपासून घसा, छाती, पोटापर्यंत जाते, तिची एक बारीक फांदी कानाच्या नळीत येते. तिला अर्नॉल्डची नस म्हणतात. तिथे टोचलं की मेंदूला वाटतं घशात काहीतरी आहे. सगळ्यांना नाही होत, काहींनाच. क्वचित एखाद्याला चक्करही येते. महिनोनमहिने कोरडा खोकला असलेल्या रुग्णाच्या कानात कधी कधी पडद्याला टेकलेला केस सापडतो.

आता मला जे सर्वात महत्त्वाचं वाटतं ते लिहितो, कारण धाग्यात ते आलं नाहीये. ही चालणारी कातडी कधी कधी वाट चुकते. पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन खिसा तयार होतो, कातडी त्या खिशात जाते आणि बाहेर येऊ शकत नाही, आत मेलेल्या पापुद्र्यांचा गोळा वाढत राहतो. त्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो कॅन्सर नाही पण तो आजूबाजूचं हाड खातो, ऐकण्याची हाडं, चेहऱ्याच्या नसेवरचं हाड, फार वाढला तर मेंदूच्या बाजूचं. आणि तो दुखत नाही हो, म्हणूनच उशीर होतो. थोडासा पण घाण वासाचा पू, वर्षानुवर्षं अधूनमधून वाहणारा एकच कान, हळूहळू कमी होणारं ऐकू येणं. "लहानपणापासून कान फुटतो" म्हणून सोडून दिलेले कितीतरी रुग्ण आमच्याकडे शहापूर मुरबाडकडून येतात तेव्हा ऑपरेशनशिवाय पर्याय राहिलेला नसतो. कानातून वास येणारं पाणी येत असेल तर तो मळ नाही. ईएनटीला दाखवा.

घंटाळीकर

डॉक्टर, आमच्या शेजारच्या मुलाचा कान असाच वाहतो, त्याची आई त्यात तुरटीची पूड घालते. त्यांना आजच सांगतो. तेलाचं माझं माझ्यापुरतं, पण पावसाळ्यात बंद ठेवीन.

कळव्याचा_डॉक

काका जरूर सांगा, आणि पूड कुठलीच नको, ती आत गोळा होऊन बसते आणि पडदा दिसेनासा होतो. सिव्हिलच्या ओपीडीत किंवा महापालिकेच्या रुग्णालयात कुठेही ईएनटीला दाखवलं तरी चालेल.

बेलापूर_खाडी

मेणबत्तीने मळ ओढून काढतात म्हणे, स्पामध्ये जाहिरात पाहिली होती.

पामबीचवरून

ओढत नाही. पोकळ मेणबत्तीत शेवटी जे पिवळं दिसतं ते मेणबत्तीचंच मेण आणि काजळी, कानात न लावता जाळली तरी तेच निघतं. कानात गरम मेण पडून भाजल्याच्या केसेस होतात.

तसंच अजून एक लिहून ठेवते कारण आईबाबा वाचतायत. मुलाच्या कानात किडा गेला तर टॉर्च आणि चिमटा घेऊन मागे लागू नका. कान आधी चांगला असेल तर कोमट तेलाचे काही थेंब घालून किडा मरू द्या आणि मग डॉक्टरकडे. पण बटण सेल गेला असेल, खेळण्यातला किंवा आजोबांच्या श्रवणयंत्रातला, तर तेल पाणी काहीच घालायचं नाही, ओलावा लागला की सेल काही तासांत आतली कातडी जाळतो. तसंच उचलून हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

ऐरोली_आई

आणि मोठ्यांनी रोज नक्की काय करायचं? आंघोळीनंतर कान ओला राहतो ना.

पामबीचवरून

टॉवेलचं टोक बोटावर घ्यायचं, बोट जाईल तेवढंच पुसायचं. डोकं एका बाजूला कलवून पाळी जरा ओढली की पाणी निघतं. पोहायला जाणाऱ्या मुलांचंही तेच. कान भरल्यासारखा वाटला, कमी ऐकू आलं, आवाज यायला लागला तर मऊ करायचे थेंब डॉक्टरांना विचारून काही दिवस घालायचे, त्यात मळ सैल होऊन पुष्कळदा आपला आपण निघतो. नाही निघाला तर आम्ही काढतो. पाण्याने काढताना ते अंगाच्या तापमानाचं, ३७ अंशांच्या आसपासचं लागतं, थंड किंवा गरम पाणी मारलं की माणसाला गरगरायला लागतं, म्हणून घरी पिचकारी नको.

रबाळे_शिफ्ट

ताई हे सगळं प्रिंट काढून कॅन्टीनच्या बोर्डावर लावतो, साखरवाल्यांचा भाग वेगळा मोठ्या अक्षरात. चालेल ना?

पामबीचवरून

चालेल, खुशाल लावा. फक्त खाली एक ओळ वाढवा, ज्यांच्या कानाचं ऑपरेशन झालंय, पडद्याला भोक आहे किंवा कान वाहतोय त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कानात थेंबसुद्धा घालायचा नाही, आणि प्लगच्या ऐवजी मफ मागायचे.